वाचून छापणारा फ्लेक्सवाला

रत्नागिरीत फ्लेक्स छापून देणाऱ्या दुकानांना तोटा नाही. आपण काय छापतोय ते वाचणारी दुकानं मात्र शोधावी लागतात. असं एक मला सापडलं, म्हणून हे लिहिते आहे. नाव घालत नाही, कारण मालकांनी हात जोडले: "बाई, कौतुक करा, पण नाव नको. मशीन एक, माणसं दोन." बाजारपेठेतल्या जुन्या मंडळींना वर्णनावरून कळेलच.

काम कसलं होतं ते आधी सांगते. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो. मी निवृत्त झाले तरी शाळेच्या मतदार साक्षरता मंडळाने मला सोडलेलं नाही. दरवर्षी तेच चालतं: शपथ, रांगोळी, प्रभातफेरी, 'चला मतदान करूया'. यंदा म्हटलं, मुलांना एकच मतदारसंघ जन्मापासून शेवटापर्यंत दाखवू. निवडला लंडनचा फिन्सबरी सेंट्रल. जन्म १८८५, शेवट १९१८, मधे खासदार सहा, आणि त्यातले तिसरे आपले दादाभाई नौरोजी. सहा खासदारांचे सहा फ्लेक्स, प्रत्येक चार बाय सहा फुटांचा, मजकूर भरपूर. फ्लेक्सवाल्यांना मजकुराचं वावडं असतं. त्यांना एक फोटो, एक नाव आणि खाली शुभेच्छुकांची रांग एवढं पुरतं. याआधी दोघांनी माझी पानं बघूनच 'एवढं कोण वाचणार' म्हणून परत केली होती.

इथे दर असे: साधा फ्लेक्स चौरस फुटाला १६ रुपये, स्टार फ्लेक्स २२, डिझाइनचे वेगळे. बाजारात १२ रुपयांत करून देणारेही आहेत, पण तिथे मजकूर तुम्ही दिलात तसा, चुकांसकट छापून येतो. मी स्टार घेतला, कारण बारीक अक्षर साध्यावर पसरतं.

ऑपरेटर माझाच जुना विद्यार्थी निघाला. वर्गात मागच्या बाकावर असायचा. त्याचा सगळा हात निवडणुकीच्या आणि वाढदिवसाच्या बॅनरांवर बसलेला, त्यामुळे पहिलं प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर आलं ते बघण्यासारखं होतं. दादाभाई गोल चौकटीत, मागून सोनेरी किरणं फुटलेली, बाजूला गुलालाचा ढग, वर लाल ठळक अक्षरांत 'दणदणीत विजय' आणि खाली 'शुभेच्छुक: समस्त फिन्सबरी ग्रामस्थ'. मी घरात एकटीच मोठ्याने हसले. फोन करून सांगितलं, किरणं काढ, गुलाल काढ, ग्रामस्थ काढ. त्याने निमूट काढलं. नंतर दुकानात गेले तर तेच प्रूफ ए-फोर कागदावर काढून त्याने संगणकामागच्या भिंतीला चिकटवलं होतं. अजून आहे.

पण 'दणदणीत' काढायला मी सांगायच्या आधीच त्याचा फोन आला होता. "बाई, इथे मताधिक्य ५ लिहिलंय. पुढची शून्यं राहिली काय?"

या एका फोनसाठी मी त्या दुकानाला पैकीच्या पैकी गुण देते. दुसऱ्या कुणी ५ तसाच ठेवला असता, नाहीतर स्वतःच्या अकलेने ५,००० केला असता. याने थांबून विचारलं. त्याला सांगितलं, बाबा, पाचच. जुलै १८९२. दोघांनाही तीन हजारांच्या आत मतं. आधी फरक ३ चा सांगितला गेला, फेरमोजणीनंतर तो ५ ठरला. तो म्हणाला, "मग आमच्या वाडीतल्या ग्रामपंचायतीसारखंच झालं की. तिथे तर एकदा चिठ्ठी टाकायला लागली." मग त्याला चिठ्ठीचा तिकडचा प्रकार सांगितला. समान मतं पडली आणि निवडणूक अधिकाऱ्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत असलं, तर त्याने स्वतःचं मत टाकून निकाल लावायचा, असा १८७२ च्या कायद्याचा नियम होता. १८८६ मध्ये अ‍ॅश्टन-अंडर-लाइन इथे तसं खरंच झालं आणि अधिकाऱ्याने काँझर्व्हेटिव्ह उमेदवाराला निवडून दिलं. मालक गल्ल्यावरून ऐकत होते. म्हणाले, "आपल्याकडे तसं केलं तर त्या अधिकाऱ्याला संध्याकाळी घरी कोण पोचवणार?"

दुकान लहान आहे. पुढे गल्ला, काचेखाली लग्नपत्रिकांचे नमुने, मागे मशीन, आणि मशीनच्या वासाने डोकं चढतं. दमा असेल तर बाहेरच्या बाकावरून बोला. प्रूफ दाखवायला ते पडदा तुमच्याकडे वळवतात आणि ओळ न् ओळ तुमच्यासमोर दुरुस्त करतात. मजकूर टाइप करून न्यायचा असेल तर युनिकोडमध्ये न्या. जुन्या फॉन्टातून बदलून घेतलेला मजकूर असला की जोडाक्षरं फुटतात आणि ती निस्तरायला वेळ जातो. त्याचे पैसे ते लावतात, आणि लावावेतही. फोटोचंही तसंच. इंटरनेटवरून उचललेला बोटभर फोटो चार फुटांवर नेला की फुटतो. दादाभाईंचा पगडीतला मोठा फोटो मिळाला, बाकीच्यांचे फुटकेच. ते लहान ठेवावेत असं त्यानेच सुचवलं. दुसरा एखादा असता तर फुटलेला फोटो छापून मोकळा झाला असता.

आता मजकुराकडे, कारण ऑपरेटरची खरी करामत तिथेच दिसली.

पहिला फ्लेक्स मतदारसंघाच्या जन्माचा. १८३२ पासून फिन्सबरी नावाचा मोठा मतदारसंघ होता आणि तो दोन खासदार पाठवायचा. कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीची १८४२ ची प्रचंड याचिका सभागृहात मांडणारा थॉमस डंकोम्ब तिथलाच. १८८५ मध्ये जागांची फेरवाटणी झाली तेव्हा त्याचे तुकडे पडले, त्यातला एक हा सेंट्रल. क्लर्कनवेलचा भाग यात येतो. घड्याळं करणारे, सोनारकाम करणारे, हातावर पोट असलेले कारागीर असे मतदार. पहिला खासदार लिबरल पक्षाचा हॉवर्ड स्पेन्सली. वर्षभरातच पुन्हा निवडणूक लागली आणि १८८६ मध्ये काँझर्व्हेटिव्ह कॅप्टन फ्रेडरिक पेंटन आला, तो दुसरा फ्लेक्स. शेजारची पेंटनव्हिल वस्ती ज्या हेन्री पेंटनच्या जमिनीवर उभी राहिली, त्याच घराण्यातला हा. हे वाचून ऑपरेटर पटकन म्हणाला, "म्हणजे खोतच की, बाई." आमच्याकडे त्या एका शब्दात सगळं येतं. खोती कायद्याने जाऊन सत्तर वर्षं उलटली तरी गावात खोतांचं घर कुठलं ते पोरंसोरंही दाखवतात. मी त्याला तसंच लिहू दिलं: 'पेंटन: तिथले खोत'. इतिहासाच्या दृष्टीने काटेकोर नाही, पण मुलांना नेमकं कळलं. (त्याच पेंटनव्हिलच्या नावाच्या तुरुंगात १९०९ मध्ये मदनलाल धिंग्रांना फाशी दिलं. ती ओळ जागेअभावी कापावी लागली, याची हळहळ वाटते.)

तिसरा फ्लेक्स दादाभाईंचा, आणि सगळ्यात गच्च. १८८६ मध्ये ते शेजारच्या होबर्नमधून उभे राहिले आणि पडले. पुढे १८८८ मध्ये पंतप्रधान सॉल्सबरी एडिंबरोच्या सभेत त्या निकालाविषयी बोलताना म्हणाले की ब्रिटिश मतदारसंघ 'काळ्या माणसाला' निवडून देण्याइतका पुढे गेलाय असं मला वाटत नाही. झालं उलटंच. दादाभाईंचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं त्यांच्याही तोंडी गेलं. त्याच वर्षी फिन्सबरी सेंट्रलच्या लिबरलांनी त्यांना उमेदवार म्हणून निवडलं, पण पक्षातला एक गट रिचर्ड ईव्ह या दुसऱ्या इच्छुकाच्या पाठीशी उभा राहिला आणि हे भांडण निवडणुकीच्या तोंडापर्यंत चाललं. हा परिच्छेद माझ्या मजकुरात आठ ओळींचा होता. ऑपरेटरने वाचला आणि विचारलं, "बंडखोर होता असं लिहू?" आठाच्या तीन ओळी झाल्या आणि एकही गोष्ट गळली नाही. इतकी वर्षं बॅनर करून करून त्याला कुठल्या पक्षात कोण कुणाच्या पाठीत काय खुपसतो ते पाठ आहे. १८९२ चं लंडन त्याला परकं वाटलंच नाही.

अडला तो एका ठिकाणी, चिन्हावर. "बाई, निशाणी काय घालू?" निशाणी नाही, म्हटलं. त्यांच्या मतपत्रिकेवर चिन्ह नव्हतं आणि पक्षाचं नावही नव्हतं. उमेदवाराचं नाव, पत्ता, व्यवसाय, संपलं. पक्षाचा उल्लेख छापायची मुभा १९६९ च्या कायद्याने आली. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीपासून चिन्हं आहेत, कारण मतदारांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हतं. तो बराच वेळ मान हलवत राहिला. चिन्हाशिवाय बॅनर ही कल्पनाच त्याला सहन होईना. शेवटी त्या कोपऱ्यात आम्ही मतपत्रिका काढली: आडनावाच्या क्रमाने वर नौरोजी, खाली पेंटन, समोर फुलीसाठी रिकामी चौकट. हीच मतपत्रिका वेगळी छापून घेतली, मुलांना फुली मारायला. स्थळप्रतीसकट, मागे क्रमांक घालून, अगदी १८७२ च्या कायद्यात सांगितल्यासारखी. नंबरिंग या दुकानात होत नाही, शेजारच्या प्रेसमधून करून आणतात. दर तरीही वाजवी लावला.

'पहिले भारतीय खासदार' हे शब्द त्याने फ्लेक्सवर सगळ्यात मोठे केले होते. मी त्याखाली बारीक अक्षरात एक टीप घालायला लावली. १८४१ मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या सरधन्याच्या राणी बेगम समरूंचा वारस डेव्हिड डाइस सोम्ब्र सडबरीतून निवडून आला होता. त्याचं मूळ काही अंशी भारतीय. पण लाच वाटल्याचं सिद्ध झालं, निवडणूक रद्द झाली आणि १८४४ मध्ये सडबरीचा मतदारसंघच काढून घेतला गेला. मालकांनी हे ऐकून चष्मा काढला. "पैसे वाटले म्हणून मतदारसंघच रद्द? आपल्याकडे असं केलं तर उरतील किती?" तेवढ्यात एक पुढारी वाढदिवसाचा बॅनर न्यायला आले, म्हणून ती चर्चा तिथेच थांबली.

दादाभाईंनी निवडून आल्यावर केलं काय, हेही फ्लेक्सवर आलं पाहिजे होतं. २ जून १८९३ ला हर्बर्ट पॉल यांनी ठराव मांडला की आयसीएसची, म्हणजे हिंदुस्थानातल्या वरिष्ठ सरकारी नोकरीची, परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी. दादाभाईंच्या मनातली ही जुनी मागणी. ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. सरकारने तो अमलात आणला नाही. परीक्षा इकडे सुरू झाली ती १९२२ मध्ये, दादाभाई जाऊन पाच वर्षं झाली होती. हा मजकूर ऑपरेटर कापायला निघाला होता, 'बाई, गर्दी होतेय' म्हणून. मी हटले नाही, आणि त्याने अक्षर एका घराने लहान करून तो बसवला. खासदारांना तेव्हा पगार नव्हता, तो १९११ पासून सुरू झाला, ही ओळही त्याने आपणहून चौकटीत घेतली. म्हणाला, लोक हेच वाचतील. वाचलं खरंच. प्रदर्शनात पालक त्या चौकटीपुढेच थांबत होते.

चौथा फ्लेक्स १८९५ चा. लिबरलांची देशभर धूळधाण झाली, दादाभाईही पडले, आणि काँझर्व्हेटिव्ह मॅसी-मेनवेरिंग आला. त्याच निवडणुकीत बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून मंचरजी भावनगरी निवडून आले, तेही पारशी, पण काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे. त्याच सुमाराला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी कमिशन नेमलं गेलं. दादाभाई त्याचे सभासद होते आणि १८९७ मध्ये त्याच्यापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले गोपाळ कृष्ण गोखले, आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. ही ओळ मी ठळक करायला लावली. आमच्या शाळेत कोतळूकच्या बाजूची मुलं आहेत.

आता तक्रार. पाचवा फ्लेक्स विल्यम स्टेडमनचा. हा मला फार आवडलेला माणूस: मालवाहू सपाट होड्या (बार्जेस) बांधणारा कारागीर, पुढे कामगार संघटनांचा पुढारी, १९०६ मध्ये इथून खासदार. तो फ्लेक्स रात्री उशिरा छापला आणि शाई ओली असतानाच गुंडाळून ठेवला. सकाळी उलगडला तर १९०६ वरची शाई पाठीला चिकटलेली आणि स्टेडमनचं निम्मं नाव गेलेलं. ही घाईची चूक आहे आणि जाणत्या दुकानाला ती शोभत नाही. पण मी तोंड उघडायच्या आत मालकांनी तो फाडून बाजूला टाकला आणि दुसरा काढायला लावला, पैशांचा विषयही काढला नाही. याचे गुण कापावेत की वाढवावेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरी तक्रार आयलेटची, म्हणजे दोरी ओवायला फ्लेक्सला मारतात त्या कड्यांची. चार कोपऱ्यांना चारच मारतात. जास्त हव्या असतील तर सांगावं लागतं, नाहीतर 'कुणी सांगितलं नाही' हे उत्तर ठरलेलं. आमची शाळा समुद्राच्या तोंडाला आहे. जानेवारीत दुपारनंतर वारं असं सुटतं की व्हरांड्यातला चार आयलेटचा फ्लेक्स शिडासारखा फुगतो. खारी हवा लोखंडी आयलेटला आठवड्यात गंज चढवते, त्याचे डाग खाली ओघळतात. पितळी मागा, त्यांच्याकडे असतात. लाकडी फ्रेमही तेच करून देतात, पण सुतार बाहेरचा, त्याच्या सवडीने येतो.

सहावा फ्लेक्स. १९१० च्या जानेवारीत स्टेडमन पडला आणि लष्करी अधिकारी मार्टिन आर्चर-शी आला. काँझर्व्हेटिव्ह. पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याच्या आळावरून नौदलाच्या शाळेतून काढलेल्या, पुढे निर्दोष ठरलेल्या एका कॅडेटचा हा सावत्र भाऊ, आणि त्या पोरासाठी झगडलाही. ३० जून १९१७ ला दादाभाई मुंबईत वारले. १९१८ मध्ये फिन्सबरी सेंट्रल मोडून एकच फिन्सबरी झाला, तोही पुढे शोरडिचशी जोडला गेला, आणि आज ते नाव इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरीमध्ये उरलं आहे.

ऑपरेटरचं गाव राजापूर तालुक्यात. हा मजकूर बसवताना तो म्हणाला, "आमचं राजापूर पण असंच गेलं." मला ते सुचलंच नव्हतं. १९५७ पासून तीन वेळा बॅरिस्टर नाथ पै, १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवते, १९९१ मध्ये सुधीर सावंत, १९९६ पासून चार वेळा सुरेश प्रभू. मग २००८ ची फेररचना, आणि राजापूर हे लोकसभेच्या नकाशावरून गेलं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालं. नाव गेलं, माणसं तीच. खालच्या रिकाम्या पट्टीत त्याने ही यादी बसवून दिली, डिझाइनचे वेगळे पैसे न लावता. सातवीतल्या मुलांना लंडनपेक्षा ती पट्टी जास्त भावली. एका आजोबांनी तिच्यासमोर उभं राहून दंडवतेंच्या सभेची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तेव्हा आम्हाला प्रदर्शनाची वेळ वाढवावी लागली.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. प्रूफ मोबाइलवर बघून 'ओके' म्हणू नका, दुकानात जाऊन मोठ्या पडद्यावर बघा. आकडे त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावा, तो आनंदाने वाचतो. फ्लेक्स घेताना तिथेच उलगडून घ्या. कापडी बॅनरही करतात, दर जास्त आहे, पण एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी प्लास्टिक कशाला, म्हणून पुढच्या वर्षी मी तोच सांगणार आहे. सोमवारी बंद. उधारी नाही, तशी पाटीच आहे, आणि ती पुढाऱ्यांच्या अंगावर येईल अशीच लावली आहे. पालिका किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की तिकडे फिरकूच नका. तेव्हा मशीन चोवीस तास चालतं, आणि तुमच्या नातीच्या बारशाच्या बॅनरवर 'भावी सरपंच' छापून येण्याची दाट शक्यता असते.